वरचा तुकडा

लॅबमध्ये तिला सगळे 'पातळताई' म्हणत. अंगाने ती चांगली भरलेली, जिना चढताना दोनदा थांबणारी. नाव पडलं होतं ते कामावरून. रुग्णांच्या जठरातून, आतड्यातून काढलेले तांदळाच्या कणीएवढे तुकडे मेणात बसवायचे आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, हे ती बावीस वर्षं करत आली होती. तिच्या कापाला ना सुरकुती, ना चीर. ते काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोगाचं नाव ठरवणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम नव्या लोकांना सांगायच्या, "शिकायचं असेल तर हिच्या हाताकडे बघा. तोंडाकडे बघत बसलात तर दिवस जाईल, ते बंदच होत नाही."

घरी ती धाकट्या भावाच्या कुटुंबात राहायची. भाऊ तिच्याहून बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. लग्न राहून गेलं की केलंच नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. भाऊ जेवायला भारी हळू. लहानपणापासून घरात त्याला 'गोगलगाय' म्हणत. सगळ्यांची ताटं विसळून झाली तरी हा आपला एकच घास गालात घोळवत बसलेला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

ते तिला वाटलं एका साध्या सकाळी. भाऊ पाव खात होता. आधी त्यानं पावाच्या कडा काढल्या, मग उरलेला पाव दुधात पार लगदा होईपर्यंत बुडवला, आणि तरी प्रत्येक घासामागे दोन घोट पाणी. तिसऱ्या की चौथ्या घासाला तो थांबला. छातीच्या मध्यावर हात, नजर भिंतीवर, चेहरा दगडासारखा. दहा-पंधरा सेकंदांनी काहीतरी खाली सरकलं असावं. त्यानं श्वास सोडला आणि पेपराचं पान उलटलं.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी पाव, मग भात, मग नुसतं पाणी. अन्ननलिकेचा कॅन्सर. चौदा वर्षांपूर्वी त्यांचा तुकडा तिच्याच लॅबमध्ये आला होता, आणि बाटलीवरचं नाव न वाचता तो तिनंच कापला होता. तेव्हापासून मॅडमनी नियम घालून दिला: घरच्या माणसाचा ब्लॉक, म्हणजे तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, घरच्यानं कापायचा नाही.

"कधीपासून होतंय हे?" तिनं विचारलं.

"काय?"

"हे अडकणं."

"ते होय! ते तर कायमच होतं. घशाचं भोक लहान आहे माझं," भाऊ हसला. "म्हणून तर तुझ्यासारखा सुटलो नाही."

भावजय मात्र हसली नाही. ती म्हणाली, "ताई, गेल्या महिन्यात ऑफिसच्या जेवणात दोनदा उठून बेसिनवर जावं लागलं यांना. मला यांच्या मित्राकडून कळलं."

आठ दिवसांच्या आत दोघींनी त्याला धरून दुर्बिणीच्या तपासणीला नेलं. तोंडातून नळी आत घालून अन्ननलिका बघायची, वाटेत लहानशा चिमट्यानं तुकडे घ्यायचे. भाऊ इतका ओकाऱ्या देत होता की दुर्बीणवाल्या डॉक्टरांना घाई करावी लागली. बाहेर येऊन ते म्हणाले, "गाठ अशी दिसली नाही. पण आतलं अस्तर खरखरीत आहे, मधेमधे वळ्यांसारखं. जठरातले तुकडे घेतलेत, अन्ननलिकेच्या खालच्या भागातलेही घेतलेत. वरच्या भागातले दोनच मिळाले, तेही बारीक. बघू काय निघतं."

'गाठ दिसली नाही' हे भावाने ऐकलं. तिनं ऐकलं फक्त 'बघू काय निघतं'.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला बजावलं, "ते तीन ब्लॉक रंगारी कापेल. तू लांब राहायचं." काचांवर रंग चढवण्याचं काम करणारी जी दुसरी तंत्रज्ञ होती, तिचं नाव रंगारी पडलं होतं. कापायचंही तिला यायचं, पण हात थोडा जड.

आणि तिथंच सगळं बिनसलं. रंगारी यायची नऊला; लॅबची किल्ली हिच्याकडे, ही सातलाच यायची. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी लॅब उघडून ती आत आली तर बर्फाच्या ताटलीत तीन ब्लॉक ओळीनं पडलेले. चौकोनी पांढरं मेण आणि त्यात अडकलेले ते करडे ठिपके. तिला वाटलं, रंगारीच्या जड हातात हे द्यायचे? बारीक आहेत, डॉक्टर स्वतः म्हणाले बारीक आहेत. माझ्याशिवाय कोण नीट कापणार?

तिनं एप्रन चढवला आणि यंत्रापाशी बसली.

जठराचा ब्लॉक झरझर निघाला. अन्ननलिकेच्या खालच्या भागाचाही. कापांची पट्टी कोमट पाण्यावर तरंगत पसरली, तिनं ती काचेवर उचलली. दुसऱ्या काचेवर नंबर लिहिताना मात्र ती मधेच थांबली. वडिलांचा शेवटचा महिना डोळ्यांपुढे आला. चमच्यानं पाणी पाजायचं आणि ते तसंच ओठांच्या कडेनं बाहेर यायचं. भाऊ चौतीस वर्षांचा होता.

तिनं तिसरा ब्लॉक, वरच्या भागाचा, चिमट्यात बसवला. वरचं रिकामं मेण आधी जाडसर खरवडून काढावं लागतं, तुकड्याचा तोंडवळा दिसेपर्यंत. त्याआधी ब्लॉक पात्याला समांतर आहे ना, हे डोळा खाली नेऊन तपासायचं असतं. बावीस वर्षांत हे तिनं किती हजार वेळा केलं असेल. त्या सकाळी केलं नाही. चाक फिरत राहिलं, मेणाच्या पांढऱ्या साली खाली पडत राहिल्या, आणि ती मनात चौदा वर्षं मागे जाऊन बसली होती.

भानावर आली तेव्हा ब्लॉकमधले दोन्ही ठिपके नव्हते.

आधी तिला ते खरंच वाटेना. तिनं ब्लॉक काढून उजेडात धरला. मेण काचेसारखं स्वच्छ. ब्लॉक तिरका बसला होता; एका बाजूनं खोल, खूप खोल कापला गेला होता. खुर्चीवरून उतरून ती फरशीवर गुडघे टेकून बसली आणि मेणाच्या साली ब्रशनं एकेक उलटू लागली. करड्या रंगाचं काही दिसतंय का, एवढंसं, मुंगीच्या डोक्याएवढं. दोन ठिकाणी भुसा झालेलं काहीतरी मिळालं. तिनं ते पाण्यावर टाकलं, तर विरघळल्यासारखं पसरून दिसेनासं झालं.

बाहेर जिन्यावर चपला वाजल्या. तिनं साली गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, राहिलेल्या मेणाचा एक काप काढून काचेवर घेतला आणि त्यावर नंबर घातला.

रंगारी आत आली आणि काचा बघून म्हणाली, "अगं, तू कापलंस? मॅडम ओरडतील."

"तुला वेळ लागला असता."

"आणि या काचेवर तर काहीच दिसत नाही."

"आधीच काही नव्हतं फारसं," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

दुपारी मॅडमनी बोलावलं. मॅडमचा डोळा सूक्ष्मदर्शकालाच लागलेला होता. नियम मोडल्याचं त्यांना कळलं होतं, तरी त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा तर तिचं धाबंच दणाणलं. मॅडम गप्प असतात त्या वाईट बातमी देण्याआधी.

"बस," त्या म्हणाल्या. "कॅन्सर नाही."

ती बसली ती तोंडावर पदर घेऊन हमसून रडायलाच लागली. मॅडमनी तिला रडू दिलं. मग त्या म्हणाल्या, "आता ऐक. खालच्या तुकड्यात मला इओसिनोफिल दिसतायत. ठाऊक आहेत ना तुला?"

ठाऊक होत्याच. रक्तातल्या या पेशी इओसिन रंगानं लालबुंद होतात. ॲलर्जी असली की वाढतात. आतड्यात थोड्या असतातच, पण अन्ननलिकेच्या अस्तरात त्यांचं काय काम?

"सूक्ष्मदर्शकाच्या एका गोलात मी अकरा मोजल्या," मॅडम सांगत होत्या. "पंधराच्या वर असत्या तर अन्ननलिकेचा तो ॲलर्जीसारखा आजार धरला असता, त्यात नळी वर्षागणिक अरुंद होत जाते. पण खालच्या भागात नुसत्या ॲसिडनंही दहा-अकरा दिसू शकतात. हा आजार ठिगळाठिगळानं असतो, एका जागी कमी, दुसऱ्या जागी भरपूर. वरपर्यंत ॲसिड सहसा पोचत नाही. वरच्या तुकड्यात या पेशी दिसल्या असत्या तर मी बेधडक लिहिलं असतं. वरची काच मात्र कोरी आहे." त्यांनी वर पाहिलं. "तुकडा अगदीच कमी होता का?"

आता बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"हो," ती म्हणाली.

"हं. दुर्बीणवाल्यांनीही लिहिलंय, बारीक म्हणून. होतं कधीकधी." आणि मॅडमनी रिपोर्ट लिहिला: कॅन्सर नाही, सूज बहुधा ॲसिडमुळे, वरच्या भागाचा नमुना अपुरा, त्रास राहिल्यास पुन्हा तपासणी करावी.

भाऊ खूश झाला. रोज सकाळी ॲसिडची गोळी घ्यायचा आणि म्हणायचा, "बघ, फुकट घाबरवलंस सगळ्यांना." भावजयीनं ताईचे हात हातात घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुमच्यामुळे लवकर कळलं." ती नुसती मान हलवत राहिली. त्या हातांचं काय करावं हे तिला कळेना.

त्यानंतरचे दोन महिने तिला प्रत्येक जेवण म्हणजे शिक्षा झाली. भावाच्या ताटाकडे न बघताही तिला सगळं दिसायला लागलं. तो किती वेळा चावतो, घोट कधी घेतो, गळ्याची घाटी कधी वर-खाली होते. एखादा घास लांबला की तिचा स्वतःचा घास हातातच राहायचा. ती सगळं मऊ शिजवायला लागली, इतकं की एक दिवस भाऊ म्हणाला, "ताई, मला अजून दात आहेत."

"पुन्हा एकदा दुर्बीण घालून बघूया का?" तिनं विचारून पाहिलं.

"ती नळी? परत? का पण? रिपोर्ट चांगला आलाय ना?"

का, ते तिला सांगता येईना. लोक काय म्हणतील, नोकरीचं काय होईल, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. हा आपल्याकडे आता ज्या नजरेनं बघतो, ती नजर पुन्हा मिळणार नाही, याचं तिला भय वाटत होतं. म्हणून ती रोज एक दिवस पुढे ढकलत राहिली.

भावजयीच्या वाढदिवसाला रविवारी दुपारी कोंबडी केली होती. भाऊ त्या दिवशी गप्पांच्या भरात होता. ऑफिसातली कसलीशी गंमत सांगता सांगता त्यानं एक तुकडा तोंडात टाकला आणि गोष्ट अर्ध्यात थांबली.

तो उठून बेसिनपाशी गेला. दोघी मागून धावल्या. त्याला श्वास घेता येत होता, बोलताही येत होतं, पण तो बोलत नव्हता. वाकून उभा होता आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती. भावजयीनं पाणी दिलं. घोट गेला तसाच नाकातोंडातून परत आला.

"खाली जात नाहीये," तो पुटपुटला. "थुंकीसुद्धा जात नाहीये."

ताईनंच रिक्षा थांबवली, तिनंच त्याच्या हातात पातेलं दिलं. वाटेत तो दर मिनिटाला त्यात थुंकत होता आणि मधेच बहिणीकडे बघत होता, लहानपणी दम लागला की बघायचा तसाच. तेव्हा ती म्हणायची, मी आहे ना. आता तिच्या तोंडून ते निघेना.

दवाखान्यात तेच दुर्बीणवाले डॉक्टर होते. त्यांनी जुना रिपोर्ट चाळला. "अडकलेला तुकडा काढून टाकतो. घाबरू नका, पण उशीर नको, नंतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते."

"आणि नमुने?" तिनं विचारलं.

"आज कशाला? मागच्या वेळी घेतलेत की. ॲसिड आहे म्हणून आलंय. आज आतलं अस्तर आधीच सोलवटलेलं असणार, चिमटे लावून आणखी कशाला दुखवायचं?" ते आत जायला वळले.

शेजारी भावजय उभी होती. खुर्चीवर भाऊ पातेल्यावर वाकलेला. दार उघडं होतं आणि डॉक्टरांचा एक पाय आत गेला होता.

"डॉक्टर, मागच्या वेळी तुकडा कमी नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही दिलात तो नीट आला होता. मी कापताना घालवला. ब्लॉक तिरका बसला, बघितलं नाही. सगळा भुसा झाला. आणि मॅडमना खोटं सांगितलं. रिपोर्टात ॲसिड आलंय ते माझ्यामुळे. वरचा भाग कुणी बघितलेलाच नाहीये."

पातेल्यात थुंकी पडल्याचा आवाज आला. भावजयीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्यापासून एक पाऊल बाजूला सरकली. बस, तेवढंच.

डॉक्टरांनी चष्मा काढला, परत घातला. "किती लागतील?"

"सहा. तीन खालून, तीन वरून. वेगवेगळ्या बाटलीत."

"बरं," म्हणून ते आत गेले.

चाळीस मिनिटं लागली. दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. अखेर डॉक्टर बाहेर आले. तुकडा निघाला होता, नमुनेही मिळाले होते, थोडं रक्त आलं पण थांबलं होतं.

सोमवारी सकाळी तिनं लॅब उघडली नाही. मॅडमच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि त्या आल्या तशी सगळं सांगून टाकलं. मॅडमच्या हातात पर्स तशीच राहिली.

"ब्लॉक मीही घालवलेत," त्या म्हणाल्या. "या धंद्यात सगळ्यांनी घालवलेत. मला त्याचा राग नाही. पण मी तुला विचारलं होतं, आणि तू 'हो' म्हणालीस. तुझ्या त्या 'हो'वर मी सही केली."

मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली.

"मायक्रोटोमला हात लावायचा नाही. बाटल्या घ्यायच्या आणि वहीत नंबर लिहायचे. किती दिवस ते मी सांगेन."

मंगळवारी रंगारीनं ते ब्लॉक कापले. ताई बाहेरच्या टेबलावर बसून यंत्राच्या चाकाचा आवाज ऐकत होती. चाक जरा जलद फिरलं की तिचं वहीतलं पेन थांबायचं. आता हाही गेला तर? रंगारी बाहेर आली, काचांचा ट्रे तिच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "मोज. सगळे आहेत."

मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर बघायची दोन तोंडं होती. त्यांनी तिला दुसऱ्यावर बसवलं. "बघ आणि मोज."

तिनं डोळा लावला. अस्तराच्या जांभळट पेशींच्या रांगांमध्ये लाल पेशी घुसल्या होत्या. कुठे सुट्या, कुठे पृष्ठभागाजवळ झुंडीनं, काही तर फुटून त्यांचे लाल दाणे विखुरलेले. ती मोजत गेली. तीसनंतर तिचा आकडा चुकला, तिनं पुन्हा सुरुवात केली.

"बासष्ट," ती म्हणाली.

"मला चौसष्ट. हा वरचा. खालच्यात अठ्ठेचाळीस. आणि जठरातले मी जुनेच पुन्हा बघितले, ते साफ आहेत, म्हणजे आजार फक्त अन्ननलिकेत आहे. लहानपणी दम लागायचा का त्याला? शिंका?"

"दोन्ही."

"मग वीस-पंचवीस वर्षं चाललंय हे. म्हणून तू म्हणतेस तसा गोगलगाय." मॅडमनी काच काढली. "औषध आहे याला. जीव घेणारा आजार नाही. पण नळी अशीच आक्रसत राहिली असती."

त्याच दुपारी मॅडमनी जुना रिपोर्टही दुरुस्त केला. 'नमुना अपुरा' हे शब्द खोडून तिथे लिहिलं, 'नमुना लॅबमध्ये कापताना नष्ट झाला', आणि खाली सही केली.

भाऊ तिच्याशी पाच दिवस बोलला नाही. सहाव्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन तो म्हणाला, "तुकडा गेला त्याचं काही नाही गं. पण दोन महिने रोज माझ्यासमोर बसून जेवलीस." ती ओट्याला धरून उभी होती. "मला भीती वाटत होती," ती म्हणाली. "मलाही वाटत होती की," तो म्हणाला, "फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं कशाची." आणि पाणी पिऊन निघून गेला. हळूहळू बोलणं सुरू झालं, पण पूर्वीसारखी थट्टा करायला त्याला महिनाभर लागला.

औषध असं होतं की गिळताना ते अन्ननलिकेला आतून माखलं जायचं; दूध आणि गहू बंद. तीन महिन्यांनी पुन्हा नळी, पुन्हा नमुने. तेव्हाही ती बाटल्यांच्याच टेबलावर होती. भावाची बाटली आली तेव्हा तिनं नाव वाचलं, नंबर घातला आणि ती रंगारीकडे दिली.

दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन वाजला. भावजय होती. तिनं ताईला घरी विचारलं नव्हतं, इथं फोन केला होता.

"वरचे तुकडे नीट आले का?" तिनं विचारलं. आवाज सरळ, ना राग, ना गोडवा.

"आले," ताई म्हणाली. "मी कापलेले नाहीत. मॅडमनी मोजलं. एका गोलात चार."

"चार म्हणजे चांगलं?"

"चांगलं."

"मॅडम आहेत का तिथे? त्यांना द्या फोन. मला त्यांच्याकडून ऐकायचंय."

ताईनं फोन हातात धरला. मग उठून ती मॅडमच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या भावजयीचा फोन आहे. तिला तुमच्याशी बोलायचंय."